घराचा विमा : आधी माप, मग भाव

व्यापारी घरात भाव विचारल्याशिवाय वस्तू येत नाही. तूरडाळीचा कट्टा असो की लग्नाचे कापड, चार ठिकाणी चौकशी झाल्यावरच पैसे सुटतात. तेच कुटुंब गृहकर्जाच्या वेळी बँकेतल्या टेबलावर तीस-चाळीस सह्या करते. त्यांतली एक सही विम्याच्या प्रस्तावपत्रावर असते, आणि त्या पॉलिसीचा भाव, माप किंवा वजन पुढे कोणीही तपासत नाही. ज्यांच्या डोक्यावर कर्ज नाही ते बहुधा घराचा विमा उतरवतच नाहीत. दुकानाच्या मालाचा विमा कॅश क्रेडिट देणारी बँक मागते आणि गाडीचा विमा कायदा मागतो. घराच्या विम्यामागे कोणाचाच तगादा नसल्यामुळे तो वर्षानुवर्षे राहून जातो.

डोंबिवलीकरांना या बाबतीत दोनदा जाग आली. २६ मे २०१६ रोजी औद्योगिक वसाहतीतील प्रोबेस या रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन बारा जणांचे प्राण गेले. २३ मे २०२४ रोजी त्याच वसाहतीच्या दुसऱ्या टप्प्यातील अमुदान केमिकल्समध्ये पुन्हा स्फोट झाला आणि पुन्हा दहाहून अधिक माणसे दगावली. दोन्ही वेळा वार गुरुवार होता. मनुष्यहानीपुढे खिडक्यांच्या काचांचा विषय काढणे कोणालाही जड जाईल, तरी ज्या घरांत माणसे सुखरूप राहिली त्यांना पुढच्या आठवड्यात हाच विषय काढावा लागला. काचांचा चुरा झाला होता, सरकत्या खिडक्यांच्या चौकटी वाकल्या होत्या, छतांचे गिलावे निखळले होते. ही घरे कारखान्याला खेटून होती असेही नाही. मधले अंतर पाहून निर्धास्त राहिलेल्या इमारतींनाही हादरा बसला.

तेव्हा अनेकांचा समज होता की नुकसान कारखान्यामुळे झाले, म्हणून भरपाईही कारखाना देईल. धोकादायक रसायने हाताळणाऱ्या उद्योगांना तिऱ्हाइतांसाठी विमा उतरवणे बंधनकारक करणारा सार्वजनिक दायित्व विमा कायदा १९९१ पासून आहेच. परंतु त्या कायद्याच्या मूळ अनुसूचीत खाजगी मालमत्तेच्या नुकसानीसाठी जी तातडीची मदत ठरवली होती, तिची कमाल मर्यादा होती सहा हजार रुपये. दोन खिडक्यांची काचही त्यात बसत नाही. त्यापुढची भरपाई मागायची तर पंचनामा, दावा, सुनावणी आणि अनेक वर्षे. महसूल खात्याचा पंचनामा हा नुकसान झाल्याचा पुरावा असतो. पैसे कोण आणि केव्हा देणार, याचे उत्तर त्या कागदावर नसते. ते उत्तर लेखी देणारा कागद म्हणजे घराची विमा पॉलिसी, कारण तिच्यात स्फोट हे कारण स्पष्ट शब्दांत लिहिलेले असते आणि स्फोट कोणाच्या चुकीने झाला हे ठरेपर्यंत घरमालकाला थांबावे लागत नाही.

कल्याणचा अनुभव पाण्याचा आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मुंबईच्या त्या आकड्याची चर्चा पुष्कळ झाली, पण उल्हास आणि वालधुनी या नद्यांनी त्या रात्री बदलापूर, उल्हासनगर आणि कल्याणच्या सखल भागांत जे केले ते तळमजल्यावरची कुटुंबे विसरलेली नाहीत. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान पाण्यात अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले, ते पाणीही उल्हास नदीचेच. ठाण्यात वंदना टॉकीजच्या परिसरात मोठ्या पावसात किती पाणी साचते ते नौपाड्यातल्या दुकानदारांना कोणी सांगायला नको. भिजलेली गादी, फुगलेले प्लायवूडचे कपाट आणि बंद पडलेले धुलाईयंत्र यांची बेरीज मांडली की घराच्या विम्याचा अनेक वर्षांचा हप्ता तिच्यात सहज मावतो.

आता भावाकडे वळावे. एके काळी भाव विचारण्यात अर्थच नव्हता. १ जानेवारी १९७३ रोजी सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, शंभराहून अधिक कंपन्या चार सरकारी कंपन्यांत सामावल्या आणि आगीच्या विम्याचे दर एका समितीने ठरवून दिले. न्यू इंडियाकडे जा, ओरिएंटलकडे जा, दर तोच. पुढे खाजगी कंपन्या आल्या तरी आगीच्या विम्याचे ठरीव दर कायम होते. ते १ जानेवारी २००७ पासून उठले आणि प्रत्येक कंपनीला आपला भाव लावण्याची मोकळीक मिळाली. भाव मोकळे झाले, पण पॉलिसीची भाषा सामान्य गृहस्थाला समजेल अशी झाली नव्हती. एका कंपनीचे कलम दुसऱ्या कंपनीच्या कलमाशेजारी ठेवून वाचणे हे वकिलाचे काम होते.

ही अडचण विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून बऱ्याच अंशी दूर केली. ‘भारत गृह रक्षा’ या नावाची एक प्रमाणित पॉलिसी तयार झाली आणि आगीचा विमा करणाऱ्या सर्व कंपन्यांनी ती विकली पाहिजे असे ठरले. नाव तेच, कलमे तीच, फक्त हप्त्याचा आकडा कंपनीगणिक वेगळा. आग, स्फोट, वीज, भूकंप, वादळ, पूर, भूस्खलन, वाहन किंवा झाड आदळणे, दंगल, दहशतवादी कृत्य, पाण्याची टाकी किंवा नळ फुटणे ही सारी कारणे तिच्यात आहेत. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर एकाच गिरणीचा, एकाच वजनाचा, एकाच शिक्क्याचा माल निरनिराळ्या दुकानांत ठेवला आहे. आरोग्य विम्यात असे नसते. तिथे कमी हप्त्यामागे खोलीभाड्याची मर्यादा किंवा एखाद्या आजाराची वगळणूक दडलेली असू शकते. घराच्या विम्यात मूळ पॉलिसीपुरता कमी भाव हा खरोखरच कमी भाव असतो. त्यामुळे तीन-चार कंपन्यांची दरपत्रके मागवण्यात कोणताही संकोच नसावा.

मात्र खरी बचत कंपनी बदलण्यात फारशी नाही. ती मापात आहे.

ठाण्यात पाचपाखाडीला किंवा डोंबिवलीत फडके रोडजवळ घर घेणारा माणूस जी किंमत मोजतो, तिचा मोठा भाग जमिनीचा आणि जागेच्या मोक्याचा असतो. जमीन जळत नाही आणि स्थानकाची जवळीक पुरात वाहून जात नाही. विमा उतरवायचा तो बांधकामाचा. प्रमाणित पॉलिसीत इमारतीची विमा रक्कम काढण्याचे सूत्र साधे आहे : घराचे चटई क्षेत्र गुणिले आजचा बांधकामाचा दर. समजा, चटई क्षेत्र ६०० चौरस फूट आहे आणि सोसायटीच्या स्थापत्य सल्लागाराने बांधकामाचा दर चौरस फुटाला ३,००० रुपये सांगितला. विमा रक्कम झाली १८ लाख. घराचा बाजारभाव ९० लाख असला तरी विम्याच्या दृष्टीने आकडा १८ लाखांचाच.

आता केवळ हिशेबासाठी असे धरू की एक कंपनी हजारी ३० पैसे दर लावते आणि दुसरी ४० पैसे. सोयीसाठी फक्त इमारत घेतली तर १८ लाखांवर पहिलीचा वार्षिक हप्ता ५४० रुपये आणि दुसरीचा ७२०. फरक १८० रुपयांचा. पण जो गृहस्थ स्वस्त कंपनी शोधून तिच्याकडे ९० लाखांचा विमा उतरवतो तो २,७०० रुपये भरतो, म्हणजे योग्य मापापेक्षा २,१६० रुपये अधिक. १८ टक्के वस्तू व सेवा कर वेगळा. (सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्य विम्यावरचा कर उठला, घराच्या विम्यावरचा नाही. दरपत्रक वाचताना आकडा करासह आहे की कराविना हे आधी पाहावे, कारण काही जण एक असा देतात आणि काही तसा.) हे जादा पैसे भरून मिळते काय? घर पूर्ण उद्ध्वस्त झाले तरी कंपनी बांधकामाचा खर्च देणार. जास्त रकमेचा विमा म्हणजे जास्त भरपाई हा हिशेब आयुर्विम्याचा झाला. मालमत्तेच्या विम्यात झालेले नुकसान भरून मिळते, त्यावर नफा मिळत नाही.

उलट बाजूची चूक, म्हणजे विमा कमी रकमेचा उतरवणे, ही जुन्या पॉलिसीत फार महाग पडे. १८ लाखांच्या बांधकामाचा १२ लाखांचाच विमा असेल आणि नुकसान ३ लाखांचे झाले तर कंपनी दोन-तृतीयांश, म्हणजे २ लाख रुपयेच देई. उरलेल्या तिसऱ्या हिश्श्याचा विमाकर्ता तुम्हीच, असा त्यामागचा तर्क. भारत गृह रक्षेत घरासाठी ही कपात काढून टाकली आहे. नुकसान ३ लाखांचे असेल तर ३ लाख मिळतात. अर्थात सारेच घर गेले तर १२ लाखांच्या वर काही मिळणार नाही, म्हणून सवलत आहे एवढ्यावर माप मुद्दाम आखडते घेणे शहाणपणाचे नव्हे. बांधकामाचा दर दरवर्षी वाढतो. दीर्घ मुदतीची पॉलिसी, जी १० वर्षांपर्यंत घेता येते, तिच्यात विमा रक्कम दर वर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते आणि त्यासाठी जादा हप्ता लागत नाही. वर्षावर्षाला नूतनीकरण करणाऱ्याने हा आकडा स्वतः सुधारून द्यावा लागतो. बहुतेक जण मागच्या वर्षीचाच पुढे ओढतात.

घरातील सामानाची गोष्ट थोडी निराळी. इमारतीचा विमा घेतला की तिच्या रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख रुपये, इतक्या सामानाला संरक्षण आपोआप मिळते. वरच्या उदाहरणात ३ लाख ६० हजार. दोन पिढ्यांच्या कुटुंबात फर्निचर, स्वयंपाकघर, वातानुकूलन यंत्रे आणि कपडेलत्ते यांची नवी किंमत मांडली तर हा आकडा अपुरा ठरू शकतो; तेव्हा यादी देऊन रक्कम वाढवून घेता येते. ही यादी करण्याचे काम एका रविवारी दुपारी होते आणि ते गृहिणीकडे सोपवलेले बरे, कारण दुकानातल्या प्रत्येक नगाचा हिशेब ठेवणाऱ्या पुरुषाला घरात मिक्सर किती आहेत ते सहसा माहीत नसते.

घरगुती सामान या शब्दांत व्यापारी माल येत नाही, आणि व्यापारी कुटुंबांसाठी सगळ्यात मोठी भेग इथेच आहे. दिवाळीच्या तोंडावर दुकानात जागा नाही म्हणून साड्यांचे गठ्ठे घरी ठेवले जातात. इमिटेशन दागिन्यांची खोकी माळ्यावर चढतात, स्टीलच्या भांड्यांचे नग बाल्कनीत रचले जातात. घराला आग लागली तर सोफ्याचे पैसे मिळतील, साड्यांचे नाही; शिवाय राहत्या घराचा वापर गोदामासारखा होत होता हे प्रस्तावपत्रात सांगितले नसेल तर सोफ्याच्या दाव्यावरही प्रश्न उभा राहू शकतो. मालासाठी निराळी पॉलिसी आहे. एका ठिकाणची एकूण मालमत्ता ५ कोटी रुपयांपर्यंत असलेल्या व्यवसायासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’, आणि त्यावर ५० कोटींपर्यंत ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’. त्यांत घरासारखी संपूर्ण माफी नाही. विमा रक्कम १५ टक्क्यांपर्यंत कमी पडली तर कपात होत नाही, त्याहून कमी पडली तर होते. २० लाखांच्या मालाला १७ लाखांचा विमा चालून जाईल, १० लाखांचा चालणार नाही. माल ज्या ज्या पत्त्यावर ठेवला जातो तो प्रत्येक पत्ता पॉलिसीत लिहिलेला असला पाहिजे, मग तो भिवंडीचा गाळा असो की डोंबिवलीतल्या घराची मागची खोली.

हीच बाब सोसायटीच्या हिशेबातही उमटते. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार इमारतीचा आग व भूकंपाचा विमा उतरवणे संस्थेचे कर्तव्य आहे आणि त्याचा खर्च सदस्यांत क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटला जातो. एखाद्या गाळ्यात विशिष्ट माल साठवल्यामुळे विमा कंपनीने जादा हप्ता मागितला, तर तो जादा भार त्या त्या गाळेधारकांनीच सोसायचा असतो. तळमजल्यावर दुकान आणि वर घर अशा इमारतींत हे वाद वार्षिक सभेत हमखास निघतात; उपविधी उघडून वाचल्यास निम्मे मिटावेत.

यावरून बचतीचा आणखी एक मार्ग निघतो. सोसायटीची पॉलिसी चालू आहे का, तिच्यात प्रत्येक घराचे बांधकाम आतल्या भिंती व फरशीसह धरले आहे का, आणि तिची विमा रक्कम आजच्या बांधकाम दराला पुरते का, हे सचिवांकडून प्रत मागून तपासावे. तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील तर इमारतीचा दुसरा विमा स्वतंत्रपणे घेण्याचे प्रयोजन उरत नाही, कारण एकाच नुकसानीचे दोन पॉलिसींतून दुप्पट पैसे मिळत नाहीत. दोन कंपन्या ते आपसांत वाटून घेतात. मग सदस्याने केवळ सामानाचा विमा घ्यावा. भाडेकरूनेही तेच करावे. पुनर्विकासासाठी इमारत रिकामी करून भाड्याच्या घरात गेलेल्या कुटुंबाने जुन्या पत्त्यावरची पॉलिसी तशीच चालू ठेवणे म्हणजे न उरलेल्या भिंतींचा हप्ता भरणे होय. नौपाड्यात आणि डोंबिवली पूर्वेला सध्या अशी कुटुंबे थोडी नाहीत. त्यांच्या सामानाला नवा पत्ता हवा.

बँकेच्या टेबलावर होणारा घोटाळा आणखी वेगळा. गृहकर्जाबरोबर एक मोठी रक्कम ‘विमा’ म्हणून कर्जातच मिळवली जाते आणि कुटुंब समजते की घराचा विमा झाला. पुष्कळदा ती पॉलिसी कर्जदाराच्या आयुष्याची असते. कर्जदार गेला तर ती उरलेले कर्ज फेडते. ती उपयोगी आहे, पण घरात पाणी शिरले तर तिचा काही उपयोग नाही. कागद काढून पाहावा : विमा कोणाचा आहे, माणसाचा की मालमत्तेचा? मालमत्तेचा विमा बँकेला हवा असतो हे रास्तच. तथापि तो अमुकच कंपनीचा घ्या अशी सक्ती बँकेला करता येत नाही. योग्य रकमेची आणि बँकेचे हितसंबंध नोंदवलेली दुसऱ्या कंपनीची पॉलिसी दिली तरी काम भागते. कर्ज फिटल्यावर पॉलिसीवरील बँकेचे नाव काढून घेण्याचे काम मात्र राहून जाते. मग दाव्याच्या वेळी धनादेश बँकेच्या नावे निघतो आणि सहा वर्षांपूर्वी बंद झालेल्या खात्याचे ना-हरकत पत्र शोधत हिंडावे लागते. घर वडिलांच्या, हिंदू अविभक्त कुटुंबाच्या की भागीदारी पेढीच्या नावावर आहे, त्याच नावाने पॉलिसी असावी. हप्ता कोणी भरला याला महत्त्व नाही.

दागिन्यांविषयी गैरसमज सर्वाधिक. मूळ पॉलिसीत दागिने, चांदीची भांडी, कलावस्तू येत नाहीत. त्यांच्यासाठी ‘मौल्यवान वस्तू’ हे जोडसंरक्षण वेगळे घ्यावे लागते. त्याची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल आणि कोणताही एक नग १ लाखाच्या वर नसेल तर मूल्यांकनाचा दाखला मागितला जात नाही. त्यापुढे तो लागतो. सोन्याचे आजचे भाव पाहता एक साधा हारही ही रेषा ओलांडतो, तेव्हा पेढीकडून लेखी मूल्यांकन करून घेतलेले बरे. सोन्याची लगड, न जडवलेले हिरे, रोख रक्कम आणि रोखे यांना घराची पॉलिसी हात लावत नाही. हिऱ्यांच्या दलालीत असलेल्या कुटुंबाने पाकिटे घरी ठेवली असतील तर ती पाकिटे या पॉलिसीच्या बाहेर आहेत.

आणि चोरी? आग किंवा पूर यांसारखी विमाकृत आपत्ती घडल्यावर सात दिवसांत झालेली चोरी प्रमाणित पॉलिसीत येते. कुटुंब शिखरजीच्या किंवा पालीताण्याच्या यात्रेला गेले असता कुलूप फोडून झालेली घरफोडी येत नाही. त्यासाठी घरफोडीचे संरक्षण स्वतंत्र. तिथे मात्र कंपनीगणिक कलमे बदलतात. अनेक पॉलिसींत बळाने आत शिरल्याची खूण लागते, घर किती दिवस बंद राहिले याला मर्यादा असते, आणि घरातील नोकराने केलेली चोरी वगळलेली असते. दरपत्रकांची तुलना डोळ्यांत तेल घालून करायची ती याच जागी. स्वस्त घरफोडी विमा अनेकदा या तीन ओळींमुळेच स्वस्त असतो.

दागिने लॉकरमध्ये आहेत म्हणून निश्चिंत असणाऱ्यांसाठी एक आकडा. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे लॉकरमधील वस्तू गेल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंत आहे. भाडे ३,००० रुपये असेल तर ३ लाख. पूर, भूकंप अशा नैसर्गिक आपत्तीत, बँकेचा निष्काळजीपणा नसेल तर, तीही नाही. लॉकरमधील वस्तूंचा विमा काही कंपन्या स्वतंत्रपणे करतात. तो बँकेच्या खिडकीवर मिळत नाही, कारण नियमानेच बँकेला तो विकण्याची मुभा नाही.

पॉलिसी काय देत नाही हे हप्ता भरण्यापूर्वी वाचले तर पुढची कटुता टळते. पावसाळ्यात गच्चीतून झिरपणारे पाणी आणि भिंतींना येणारी ओल हे हळूहळू होणारे नुकसान आहे, त्याला विमा नाही. टाकी किंवा नळ फुटला तर आहे. शीतकपाटात विजेचा दोष निर्माण होऊन तेच जळाले तर त्याचे पैसे नाहीत. त्यातून आग पसरून पडदे, कपाटे जळाली तर त्यांचे आहेत. सदोष बांधकाम आणि निकृष्ट साहित्य यांमुळे होणारे नुकसान वगळलेले आहे. ४ ऑगस्ट २०१५ रोजी नौपाड्यातील कृष्णा निवास कोसळून बारा माणसे गेली. त्याच्या आठवडाभर आधी ठाकुर्लीत मातृकृपा इमारत पडली होती. महापालिकेने धोकादायक ठरवलेल्या इमारतीत राहणाऱ्याने विम्याच्या भरवशावर थांबू नये. त्याचे घर वाचवणारी गोष्ट संरचनात्मक तपासणी आहे. तसेच सक्षम प्राधिकरणाच्या आदेशाने पाडल्या जाणाऱ्या बांधकामाची भरपाई विमा देत नाही. बनावट परवानग्यांवर उभ्या राहिलेल्या डोंबिवलीतील ६५ इमारतींचे प्रकरण ताजे असताना हे सांगणे कठोर वाटेल, पण घर घेणाऱ्याने ते आधीच ऐकलेले बरे.

दरपत्रके मागवताना प्रत्येक कंपनीला एकच कागद द्यावा : तेच चटई क्षेत्र, तोच बांधकाम दर, सामानाची तीच रक्कम, तीच मुदत, तीच जोडसंरक्षणे. एकाने एक वर्षाचा आणि दुसऱ्याने दहा वर्षांचा आकडा दिला की तुलना संपलीच. घर दुरुस्त होईपर्यंतचे पर्यायी घराचे भाडे धरले आहे का, हे विचारावे. ठाण्यात आजची भाडी पाहता हे जोडसंरक्षण इतर कशाहूनही उपयोगी पडू शकते. ‘गृहस्थ पॅकेज’ वगैरे नावांनी कंपन्या स्वतःच्या पॉलिसीही विकतात. त्या वाईट असतात असे नाही, पण प्रमाणित पॉलिसीशी त्यांची तुलना ओळीओळीने करावी लागते. पूर्वी दावे झाले असतील किंवा घरात शिकवणी, शिवणकाम, साठवण असे काही चालत असेल तर ते लिहून द्यावे. लपवून वाचवलेले शंभर रुपये दाव्याच्या दिवशी लाखाला पडतात. आणि ओळखीच्या एजंटाला केवळ चार पैशांसाठी सोडण्यापूर्वी त्याने मागच्या पावसाळ्यात कोणाच्या दाव्यासाठी किती हेलपाटे घातले ते आठवावे. असा माणूस टिकवण्यासारखा असतो.

नुकसान झालेच तर कंपनीला ताबडतोब लेखी कळवावे, साफसफाईपूर्वी छायाचित्रे काढावीत, आणि आगीत अग्निशमन दलाचा, चोरीत पोलिसांचा अहवाल घ्यावा. भिजलेले सामान कंपनीचा सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत टाकून देऊ नये. शेजाऱ्यांनी नाके मुरडली तरी चालेल. पॉलिसी, खरेदीच्या पावत्या आणि सामानाची यादी यांची एक प्रत घराबाहेर, दुकानात किंवा विवाहित मुलीकडे ठेवावी.

दावा नाकारला गेला किंवा मनमानी कपात झाली तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी लागते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी तेथे चालतात. फी नाही, वकील लागत नाही, आणि एकल मालकीच्या पेढ्या व सूक्ष्म उद्योग यांनाही दार उघडे आहे. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागे, आता लोकपालांचे एक कार्यालय ठाण्यातच आहे. तेथील निवाडा विमा कंपनीवर बंधनकारक असतो. तक्रारदाराला तो मान्य नसेल तर ग्राहक आयोगाचा मार्ग त्याला मोकळाच राहतो.